मानसशास्त्रात स्त्री-पुरुष भेदभाव खरंच आहे, की ती नुसती ओरड आहे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. असा भेदभाव खरंच आहे का, आणि असलाच तर तो मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडच्या जमान्यापुरता होता का. फ्रॉइडचं राहू द्या. त्याला बायका कळल्या नाहीत हे मनोविश्लेषकच असलेल्या कारेन हॉर्नायनं 1920 च्या दशकातच तोंडावर सांगून टाकलं होतं. मला नंतरच्यांबद्दल बोलायचंय, ज्यांच्या मनात काही वाईट नव्हतं त्यांच्याबद्दल.

मी अमरावती जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मानसशास्त्र शिकवतो. पोरं-पोरी कापूस-सोयाबीनच्या घरांतली, बहुतेक एसटीनं येणारी. दरवर्षी लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची हाइन्झची गोष्ट सांगतो. बायको मरायला टेकलेली, औषध गावात एकाकडेच, भाव दोन हजार डॉलर. हाइन्झनं इकडून तिकडून निम्मे पैसे जमवले, औषधवाला उधारीला तयार नाही. हाइन्झनं चोरी करावी का?

कोलबर्गनं अशाच प्रश्नांच्या उत्तरांवरून नीतीच्या पायऱ्या ठरवल्या, आणि ती उत्तरं दिली होती मुलग्यांनी. 1958 च्या त्याच्या प्रबंधात शिकागो भागातले फक्त मुलगे आहेत. पुढे त्या पायऱ्या सगळ्या माणसांच्या म्हणून पुस्तकांत आल्या आणि बायका पुष्कळदा सहांपैकी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आपल्या माणसांना बरं वाटावं एवढ्यावरच, अडकलेल्या दिसू लागल्या. 1982 साली कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या मापातच खोट असल्याचं लिहिलं. तिच्या पुस्तकात अकरा वर्षांचा जेक आणि तेवढीच एमी आहे. जेक गणित मांडल्यासारखं सांगतो की पैशापेक्षा जीव मोठा, चोरी करावी. एमी म्हणते, चोरीही नको आणि बाई मरायलाही नको, कुठून कर्ज मिळतं का बघावं, औषधवाल्याशी बोलावं. कोलबर्गच्या मापानं एमी जेकपेक्षा एक पायरी खाली. गिलिगनचं म्हणणं, ती खाली नाही, नात्यांचा विचार करणारा बायकांचा आवाजच वेगळा आहे.

माझ्या वर्गात पहिल्यांदा हा प्रश्न टाकला तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, थो मेडिकलवाला गावातलाच हाय नं? मंग त्याच्या मामाले मधात घाला लागते. कापूस निघाला का देतो म्हना." कोणी हसलं नाही. ज्याच्या त्याच्या घरी कृषी केंद्राची उधारी, पेरणीला घेतलेली, पहिल्या वेचणीला फेडायची. उधारी नाही म्हटल्यावर गोष्ट तिथंच संपते, हे त्या पोरांना पटेचना.

आता हा पोरगा कोलबर्गच्या हिशेबात कच्चा, आणि गिलिगनच्या हिशेबात 'बायकांच्या आवाजात' बोलणारा. प्रत्यक्षात तो उधारीवर चालणाऱ्या गावातला. 1984 साली लॉरेन्स वॉकरनं कोलबर्गच्या पद्धतीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तर स्त्री-पुरुषांतला फरक जवळजवळ दिसलाच नाही. गिलिगनबाईंनी बोट ठेवलं ती जागा बरोबर होती असं मी मानतो. पण आधी पुरुषाला माप धरायचं, आणि ते चुकलं म्हटल्यावर बाईची जातच वेगळी म्हणायची, यात गावातला पोरगा दोन्ही हिशेबांतून सुटूनच जातो.

याहून मला टोचतो तो 1970 मधला ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या 79 तज्ज्ञांना विचारलं: निरोगी पुरुष कसा असतो, निरोगी बाई कशी, आणि निव्वळ निरोगी प्रौढ व्यक्ती कशी? प्रौढ व्यक्ती आणि पुरुष यांची वर्णनं जुळली. निरोगी बाई मात्र जास्त ऐकून घेणारी, कमी स्वतंत्र, चटकन मन दुखणारी निघाली. म्हणजे बाई म्हणून चांगली राहिली तर माणूस म्हणून कमी भरते. त्या 79 मध्ये 33 स्त्रिया होत्या, हे वर्गात सांगितलं की पोरी वही बंद करून ऐकतात.

आपल्याकडचं एक काम इथं सांगितलंच पाहिजे, जरी ते मानसशास्त्राचं नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. माझी मोठीआई कंबर धरून बसायची, अंगावरून पांढरं जातं म्हणायची. घरचे म्हणत, हिच्या मनाचं आहे. एक डॉक्टर म्हणाला टेन्शन घेऊ नका, आणि सलाईन लावली. बाईचं दुखणं मनावर ढकलायचं, आणि तिच्या मनाचं कोणी पुसायचं नाही, असं दोन्ही एकाच घरात चालतं.

तुमचा दुसरा प्रश्न, हे जुन्या काळापुरतं आहे का. मागच्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी जवळच्या एका गावात पीएचक्यू हा नैराश्य (डिप्रेशन) तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेत होतो. आम्ही ओसरीवर, बाई दाराच्या आत. "तिले काय पुसता, मीच सांगतो नं," नवरा म्हणाला. पहिलाच प्रश्न, कामात रस वाटत नाही असं किती दिवस होतं? "रोज वावरात जाते," तो म्हणाला. मी शून्य लिहिलं.

चार दिवसांनी माझ्या सहकारी मॅडम त्याच बाईला निंदणाच्या वेळी धुऱ्यावर भेटल्या. "काम त आंगवळणी हाय बाई, त्यात रस कायचा," ती म्हणाली. "रातच्याले डोया लागत नाही. छातीवर गोटा ठेवल्यावानी वाट्टे."

नवऱ्याचा फॉर्मही मीच भरला होता. तो रोज संध्याकाळी प्यायचा, हे त्या गावात सगळ्यांना माहीत, पण नऊ प्रश्नांत दारूचा प्रश्न नाही आणि झोप त्याला चांगली लागत होती. माझ्या तक्त्यात नवरा-बायको दोघंही ठणठणीत होते.