बायोप्सीत ‘हर-टू 2+’ आलंय, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही देवगडचे. बाबांना जठराचा कॅन्सर निघालाय, लिव्हरमध्येपण गेलाय. बायोप्सीच्या रिपोर्टवर हर-टू 2+ लिहिलंय, कोण म्हणतं पॉझिटिव्ह कोण म्हणतं नाही. भाऊ म्हणतो रक्तातलं सीईए, म्हणजे कॅन्सरची ती खूण, नॉर्मल आहे मग कशाला घाबरायचं. पुढच्या टेस्टसाठी बाबांना परत मुंबईला न्यायला लागेल का?

उत्तर: ताई, बाबांना बहुतेक न्यायला लागणार नाही, त्यांचा ब्लॉक गेला की झालं. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात तो ब्लॉक, लॅबकडून मागून घ्या आणि रिपोर्टच्या कॉपीसोबत घरातलं कोणीतरी घेऊन जा, फक्त उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

आता 2+ चं. हर-टू हे पेशीच्या कडेवरचं प्रोटीन, 0 आणि 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि 2+ म्हणजे अजून ठरलेलं नाही, म्हणून फिश नावाची टेस्ट करून त्या जीनच्या कॉपी वाढल्यात का ते बघतात. वाढल्या असतील तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध देतात. 2010 च्या टोगा ट्रायलमध्ये याने सरासरी आयुष्य 11.1 वरून 13.8 महिन्यांवर गेलं, आणि ज्यांच्यात हे प्रोटीन खरंच जास्त होतं त्यांच्यात 16 महिन्यांपर्यंत, म्हणून ही टेस्ट टाळू नकाच. जठराच्या गाठीत हर-टू एका भागात असतं दुसऱ्यात नसतं, त्यामुळे सहा-आठ तुकडे लागतात, कमी घेतले असतील तर मात्र एंडोस्कोपी परत करावी लागेल.

त्याच ब्लॉकवर एमएमआर, पीडी-एल1 आणि क्लॉडिन 18.2 (हीपण प्रोटीन्सच, औषध निवडायला बघतात) पण एकदमच करायला सांगा, नाहीतर दर वेळी थोडा थोडा कापून तुकडा संपतो. एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, प्रोटीन्स गायब असली तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारी औषधं, चांगली लागू पडते, आणि ते कधीकधी घराण्यातून आलेलं असतं म्हणून तुम्हा भावंडांनाही तपासावं लागू शकतं. क्लॉडिनवरचं औषध नवीन आहे, अमेरिकेत 2024 मध्ये मंजूर झालं, खर्चाचं आधी विचारून घ्या.

भावाला सांगा, जठराच्या कॅन्सरमध्ये खूप जणांचं सीईए वाढतच नाही, त्यावरून औषध ठरवत नाहीत.

फिशसाठी केमो अडवून ठेवायची गरज नसते, ट्रास्टुझुमॅब नंतर जोडता येतं. आणि बाबांना पेजसुद्धा जात नसेल, उलट्या होत असतील तर रिपोर्टची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.