पद्मिनी गाडीचं इग्निशन टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते) घरी सेट करता येईल का? पॉइंट बदलल्यापासून पिकअप गेलाय, घाटात तापते.

हो, येईल, टायमिंग लाइट नसली तरी. पण डेल्को (डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला पाळीने करंट पाठवणारा भाग) सैल करायच्या आधी त्यातल्या पॉइंटचा, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणाऱ्या संपर्कांचा, गॅप बघा. नव्या पॉइंटची टाच कॅमवर (पॉइंट उघडणारा, डेल्कोत फिरणारा उंचवट्यांचा दांडा) घासून बसते, त्यात कॅमला ग्रीस लावलेलं नसेल तर अजूनच लवकर झिजते, मग गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जातं. तुमची लक्षणं अगदी तीच आहेत. त्यामुळे आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलंत तर गॅपला हात लावला की टायमिंग परत हललं. टाच कॅमच्या उंच टोकावर आणून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजा. आकडा मॅन्युअलमधला किंवा डेल्कोच्या मेकप्रमाणे घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आतलाच असतो.

आता टायमिंग. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरा आणि इंजिन हाताने फिरवा, हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन. तिथून हळूहळू पुलीची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या ॲडव्हान्सवर (पिस्टन अगदी वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी हवी तो आकडा) आणा. खूण पुढे गेली तर बरंच मागे नेऊन परत सरळ दिशेनेच या, नाहीतर चेन आणि गिअरमधली ढिलाई मोजमापात येते. डेल्कोच्या झाकणाखाली फिरणारा रोटर आता एक नंबरच्या वायरकडे हवा (फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२, वायरी आत्ताच तपासून घ्या).

१२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, आणि इग्निशन ऑन. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डेल्कोचा क्लॅम्प सैल करून डेल्को रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल, मग उलट दिशेने अगदी केसभर केसभर, आणि ज्या क्षणी पेटला तिथे थांबून क्लॅम्प आवळा. आवळताना डेल्को हमखास सरकतो म्हणून इंजिन दोन फेरे फिरवून बल्ब खुणेवरच पेटतोय ना बघा, फरक असेल तर परत करा, कंटाळा करू नका. पॉइंट बंद असताना इग्निशन उगाच ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

शेवटी रोड टेस्ट. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ४० किमीला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, क्षणभर हलकी टिकटिक येऊन गेली तर उत्तम. टिकटिक येतच राहिली तर डेल्को किंचित रोटरच्या दिशेने, म्हणजे रिटार्ड (ठिणगी थोडी उशिरा). बरेच मेकॅनिक नुसत्या कानावर, आयडल वाढेल तिथपर्यंत ॲडव्हान्स करून देतात आणि गिऱ्हाइकाला पिकअप मस्त वाटतो, पण घाटात लोडवर नॉकिंग (तीच टिकटिक, पण जोरात) होऊन पिस्टन खराब होतात आणि या १०८९ सीसीच्या इंजिनाचे चांगले पार्ट आता सहज मिळत नाहीत हो, तसं कुणालाही करू देऊ नका. टायमिंग बरोबर बसूनही तापत असेल तर मग रेडिएटर आणि फॅन बेल्ट बघा.