मागच्या वर्षी ट्रिपल होत होते, आता डबलवर पण पडते

"मॅडम, मागच्या सीझनला तिचे तीन ट्रिपल पक्के होते, आता डबल अ‍ॅक्सलवर पण पडते, घरी आली की तोंड उघडत नाही आणि परवा म्हणाली मी सोडते स्केटिंग. अजून थोडं रेटायचं की थांबायचं?"

मी समुपदेशक, पालकांचा हा प्रश्न माझ्याकडे थोड्याफार फरकाने बरेचदा येतो. (ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेऱ्यांची उडी, डबल म्हणजे दोन, अ‍ॅक्सल हा उडीचा एक प्रकार.) जिम्नॅस्टिक्सवाल्या पोरींच्या घरून पण येतो, पण फिगर स्केटिंगमध्ये तो अगदी ठरलेल्या वयात येतो, १३ ते १५ च्या मधे. म्हणून एक केस सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि नाव मुद्दामच देत नाही.

मुलगी १४ ची. आई, बाबा आणि ती असे तिघं आले. बाबांच्या हातात लॅपटॉप. समुपदेशनाला लॅपटॉप घेऊन येणारे बाबा मला नवीन नाहीत म्हणा, मार्कशीटचे तक्ते घेऊन येणारे खूप बघितलेत. यांच्या फाईलमध्ये मात्र चॅम्पियन्सची वयं होती. तारा लिपिन्स्की, १९९८ नागानो ऑलिम्पिक, वय १५, गोल्ड. युलिया लिपनित्स्काया, २०१४ सोची, वय १५, टीम गोल्ड. अलिना झागितोवा, २०१८ प्याँगचँग, वय १५, गोल्ड. अलिसा लिऊ, १३ व्या वर्षी अमेरिकेची नॅशनल चॅम्पियन, २०१९. आणि खाली पिवळ्या रंगात लेकीचं नाव, वय १४, पुढचा कॉलम रिकामा. ती पोरगी त्या स्क्रीनकडे न बघता टी-शर्टच्या बाह्या ओढून मनगटं झाकत बसली होती.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. या खेळात १६-१७ ला सगळं संपतं, हे वर्ष गेलं की गेलंच. वाईट माणूस नाही हो, पहाटे उठून रिंकवर सोडणारा बाप आहे, दोन पाळ्यांत काम करून बूट-ब्लेडचा खर्च काढणारा. फक्त डोक्यात घड्याळ टिकटिकत होतं आणि त्याचा आवाज घरभर.

तिचे जम्प्स का गेले ते आधी आई-बाबांना समजणं गरजेचं होतं कारण घरात त्याची दोनच कारणं चर्चेत होती, आळस आणि वजन. मी बाबांना माझ्या फिरत्या खुर्चीत बसवलं, हात छातीशी घ्यायला सांगून गोल फिरवलं आणि मधेच हात बाजूला पसरायला लावले. वेग लगेच कमी झाला, सगळ्यांनी बघितलं, पोरगी पहिल्यांदा हसली. जम्पमध्ये तेच होतं. हवेत मिळतो जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद, त्यात ट्रिपलच्या तीन फेऱ्या, अ‍ॅक्सल असेल तर वर आणखी अर्धी कारण अ‍ॅक्सल पुढे तोंड करून मारतात आणि उतरतात मात्र मागे, एका पायावर. एका वर्षात हात-पाय लांबले, कंबर रुंदावली तर तेवढ्याच जोरात शरीर आधीपेक्षा सावकाश फिरतं. मग पाव-अर्धी फेरी कमी पडते, ब्लेड तिरकी टेकते, पोरगी आपटते. परत इतकी वर्षं घोटून बसवलेलं टायमिंग जुन्या शरीराचं असतं, नव्या शरीराला ते अजून कळलेलं नसतं. बहुतेकांचं हे जुळून येतं पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. आळसाचा यात काही संबंध नाही. आणि उपाशी राहून उंची कमी होत नसते.

बाबा गप्प होते पण पटलं होतं असं नाही.

मग मी मुलीशी एकटीशी बोलले. ती स्केटिंगबद्दल भरभरून बोलली आणि इथे मला पहिला धागा मिळाला, कारण ज्याला खरंच सोडायचं असतं तो पोरगा किंवा पोरगी असं बोलत नाही. तिने मोबाईलवर स्लो मोशनमधला व्हिडिओ दाखवला, लुट्झचा, ही उडी ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून, म्हणजे एजवरून, घ्यायची असते. "बघा ना, इथे बाहेरच्या एजवर राहते मी, बाकीच्या इथे आतल्या एजवर जातात." बोट स्क्रीनवर त्या एका फ्रेमवर. स्वतःचं चांगलं काय ते तिला नेमकं माहीत होतं. मी विचारलं, मग सोडायचं काय आहे? बराच वेळ गेला, मग म्हणाली, "सोमवार."

सोमवारी रिंकवर कोच वजन करायचा. सगळ्यांसमोर काटा, आकडा मोठ्याने. रविवारी संध्याकाळपासून ही पाणी पिणं कमी करायची. हे ती तक्रार म्हणून सांगतच नव्हती, सरावाचा भाग म्हणून सांगत होती. त्याच सुरात पुढे म्हणाली की पाळी चार महिने आलेली नाही, बरंच झालं, मोठ्या मुली म्हणतात ट्रेनिंग सिरीयस असलं की बंद होते. आणि नडगीवर एका जागी दुखतं, बोट ठेवलं की कळ येते, पण बर्फावर गेलं की विसरायला होतं.

इथे मी पालकांना हात जोडून सांगते ते परत लिहिते. पाळी जाणं हे मेहनतीचं सर्टिफिकेट नाही. पोटात जेवढं जातं त्यापेक्षा ट्रेनिंग जास्त खायला लागलं की शरीर बाकीची खाती बंद करायला घेतं, पाळी, हाडांची भर, झोप, मूड, सगळंच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं आणि ते मुलग्यांमध्ये पण होतं हेही तेव्हाच सांगितलं. हाडं भरण्याचं वय हेच, त्यात जम्पच्या लँडिंगला एका पायावर वजनाच्या कितीतरी पट मार. एका जागी बोटाने दाखवता येणारं हाडाचं दुखणं म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. तीन महिने पाळी नाही किंवा १५ पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही तर समुपदेशक नंतर, आधी डॉक्टर.

आता प्रश्न असा की तिने हे मला विश्वासाने सांगितलेलं. पहिल्या भेटीतच मी प्रत्येक मुलाला सांगते की तुझं बोलणं माझ्याकडे राहील, फक्त तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर घरी सांगावं लागेल. ते तिला आठवत होतं. "बाबांना नको," म्हणाली, "ते फाईलमध्ये लिहितील." मी म्हटलं आईला कसं सांगायचं ते तू ठरव, मी बोलू, तू बोलशील की लिहून पाठवशील? आई बाहेर बाकावर होती, पाच पावलांवर, आणि हिने माझ्यासमोर बसून आईला मेसेज टाईप केला. पुसला, परत टाईप केला. बाहेर मोबाईल वाजलेला आम्हाला दोघींना ऐकू आला. आई आत आली ती काही न बोलता तिच्या शेजारी बसली आणि मग म्हणाली, "अगं मला वाटायचं तू मला सांगत नाहीस कारण तुला आता मी नको असते."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नडगीत सुरुवातीचं स्ट्रेसचं दुखणं निघालं, जम्प्स काही आठवडे बंद, आहारतज्ज्ञ सुरू. माझ्याकडचं काम वेगळं होतं, ते म्हणजे बाबा आणि त्यांची फाईल.

मी फाईल डिलीट करा असं म्हटलं नाही, म्हटलं असतं तर त्यांनी माझ्यासमोर केली असती आणि घरी जाऊन परत बनवली असती. मी म्हटलं उजवीकडे अजून एक कॉलम वाढवा, "पुढे काय झालं". ते पुढच्या वेळी भरून घेऊन आले, प्रामाणिक माणूस. लिपिन्स्की, गोल्डनंतर लगेच स्पर्धा सोडल्या. लिपनित्स्काया, २०१७ मध्ये १९ व्या वर्षी रिटायर, अ‍ॅनोरेक्सियावर उपचार घेतल्याचं तिने स्वतः सांगितलं. झागितोवा, १७ व्या वर्षी स्पर्धा थांबवल्या. अलिसा लिऊ, १६ व्या वर्षी २०२२ मध्ये रिटायर, मग स्वतःहून परत आली, आणि २०२५ मध्ये बॉस्टनला वर्ल्ड चॅम्पियन, वय १९. त्यांनी तिची ओळ दोनदा वाचून दाखवली मला. मग मी अजून दोन नावं टाकायला सांगितली, काओरी साकामोटो, पहिलं वर्ल्ड टायटल २१ व्या वर्षी आणि नंतर सलग आणखी दोन, आणि कॅरोलिना कोस्टनर, सोचीला ब्राँझ, वय २७. म्हणजे ज्या सोचीत १५ ची मुलगी गाजली त्याच सोचीत.

आणि मुख्य गोष्ट त्यांच्या फाईलमध्ये नव्हतीच. सिनियर गटाचं किमान वय आता १५ राहिलेलं नाही. २०२२ मध्ये इंटरनॅशनल स्केटिंग युनियनने ठराव केला, २०२३-२४ च्या सीझनला १६ आणि २०२४-२५ पासून १७. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला १५ वर्षांच्या रशियन स्केटर कामिला वालियेवाच्या डोपिंगचं प्रकरण सगळ्या जगाने बघितलं होतं, वयाची चर्चा त्याआधीपासून होती पण ते चित्र कुणी विसरलं नव्हतं. म्हणजे यांची लेक काहीही केलं तरी १७ पूर्ण होईपर्यंत सिनियर ऑलिम्पिकला जाऊच शकत नाही. ज्या घाईपायी घर जळत होतं ती घाई नियमानेच काढून टाकलीय. बाबा म्हणाले, "मग तीन वर्षं करायचं काय?" मला हा प्रश्न ऐकून बरं वाटलं कारण आत्तापर्यंत ते फक्त किती उरलं विचारायचे.

करायला भरपूर असतं. स्पर्धेत गुण फक्त जम्पला नसतात, स्केटिंग स्किल्स, प्रेझेंटेशन, कॉम्पोझिशन यांचे वेगळे गुण आहेत, आणि एजवर्क, म्हणजे ब्लेडच्या कडांवरचं स्केटिंग, हे जम्प नसताना सुद्धा शिकता येतं. डॉक्टरांनी बर्फावर जायला परवानगी दिली तेव्हा तिने जम्पशिवायचाच प्रोग्रॅम घोटला. कंटाळली पण, रडली पण. एकदा फोनवर म्हणाली की सगळ्या उड्या मारतायत आणि मी बाळासारखी गोल गोल फिरतेय. मी समजूत घातली नाही, कारण वाईट वाटणं बरोबरच होतं.

वजनकाट्याचं काय झालं ते विचाराल. आई-बाबा दोघं मिळून कोचशी बोलले, डॉक्टरांचं पत्र दाखवून, की हिचं वजन फक्त डॉक्टर बघतील. कोचला ते आवडलं नाही. काही दिवस सराव थंडा चालला, म्हणजे कोच तिच्याकडे बघतच नव्हता. मग हळूहळू सुरळीत झालं, बाकीच्या मुलींचं मात्र सोमवारी चालूच आहे आणि त्याचा मला अजूनही संताप येतो. कोच चांगला टेक्निशियन आहे म्हणून पालक खपवून घेतात. माझं मत विचारलंत तर मुलांना वजनावरून सगळ्यांसमोर बोलणारा कोच कितीही मेडल्स काढत असला तरी बदलावा, पण रिंक एकच असेल तर हे बोलायला सोपं आहे हेही मला कळतं, तेव्हा निदान हिच्या पालकांसारखी एक रेघ तरी ओढावी.

सोडू का, याचं उत्तर पालक माझ्याकडे मागतात तेव्हा मी मुलाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारते. थकलास का, घाबरलास का, की आवडेनासं झालंय? थकव्याला विश्रांती, खाणं, डॉक्टर. भीतीला, विशेषतः जोरात आपटल्यावरच्या, परत हार्नेस (उडी मारताना वरून धरून ठेवणारा पट्टा), परत सिंगल, परत डबल, मूल म्हणेल त्या वेगाने. आवडेनासं झालं असेल तर थांबू द्यावं, आणि आतापर्यंतचा खर्च ऐकवू नये, कधीच नाही. आणि हे विचारायचं पडलेल्या दिवशी नाही, चांगल्या सरावाच्या दिवशी. चांगल्या दिवशी पण सोडायचंय म्हणत असेल तर ते खरं.

हिला सोडायचं नव्हतं. पाळी परत सुरू झाली, नडगी बरी आहे, डबल अ‍ॅक्सल आला, ट्रिपल टो लूप आणि सॅल्काव परत होतायत, लुट्झ अजून नाही आणि कदाचित आधीसारखा येणारही नाही, डॉक्टर किंवा मी कुणीच तसं वचन दिलेलं नाही. तो सीझन पूर्ण गेला. बाबांनी मधे फोन केला होता, दोन स्पर्धांचे फॉर्म निघालेत, कोणती भरू? मी म्हटलं मला काय विचारता, तिला विचारा. तिने पहिली नको म्हणून सांगितलं, दुसरी भरलीय.