स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनहून खाजगी गाडी करून एका दिवसात लाउटरब्रुनेन, म्युरेन, वेंगेन आणि ग्रिंडेलवाल्ड ही गावं पाहून होतील का?

होतील, पण धावपळ होईल. वेंगेन गाळा आणि उरलेली तीन निवांत बघा. म्युरेन आणि वेंगेनमध्ये पर्यटकांच्या गाड्या जातच नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर खाली थांबतो आणि तासाचं भाडं चालू राहतं. म्हणून त्याला सकाळी श्टेखेलबर्गच्या केबलकार स्टेशनवर सोडायला सांगा. तिथून वर म्युरेन (सुमारे 1,640 मीटर), गावातून चालत पलीकडच्या रेल्वे स्टेशनवर, मग छोट्या रेल्वेगाडीने ग्र्युत्शाल्प स्टेशन आणि तिथून केबलकारने थेट लाउटरब्रुनेन. ड्रायव्हरला गाडी घेऊन तिथेच बोलवा, म्हणजे आल्या वाटेने परतावं लागत नाही. शिवाय समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं दिसत राहतात (डावी-उजवी खिडकी आधी बघून बसा). श्टाउबबाख धबधबा लाउटरब्रुनेनमध्येच आहे, दुपारनंतर ग्रिंडेलवाल्ड.

निघण्यापूर्वी म्युरेनचा वेबकॅम बघा. वर ढग असतील तर ग्रिंडेलवाल्ड आधी घ्या. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे-बसचा पास) असेल तर म्युरेनपर्यंतचं वेगळं तिकीट लागत नाही. बारा वर्षांखालचं, दीड मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल बरोबर असेल तर चाइल्ड सीट बुकिंग करतानाच मागा, तिथे तो कायदा आहे.

मात्र वसंतात आणि शरदात देखभालीसाठी केबलकार काही दिवस बंद असतात, तारखा आधी तपासा.