साध्या पाण्यात बुडलेलं भात मिठाच्या पाण्यात का तरंगतं?

प्रश्न : घरचं भाताचं बियाणं साध्या पाण्यात टाकून वर आलेलं काढून टाकलं. तळाचं मिठाच्या पाण्यात टाकलं, तर त्यातलंही बरंच वर आलं. चांगलं बी वाया गेलं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. वर आलं ते बहुतेक अर्धवट भरलेलं बी. दाणा बुडतो की तरंगतो, हे त्याच्या आकारावर ठरत नाही. दाणा जेवढी जागा व्यापतो तेवढ्या पाण्याहून तो हलका असेल तर तरंगतो, जड असेल तर बुडतो. पोचट दाण्यात तुसाच्या आत हवाच जास्त, म्हणून तो साध्या पाण्यातही वर येतो. अर्धवट भरलेला मात्र पाण्याहून जेमतेम जड असतो आणि चांगल्या बियाण्यासोबत तळाशी जाऊन बसतो. तो वेगळा काढायचा तर पाणीच जड करावं लागतं.

त्यासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. असं पाणी लिटरला साधारण १ किलो २० ग्रॅम भरतं. एवढासा फरक पुरतो. काही जण अंडं तरंगेपर्यंत मीठ घालतात, पण ताज्या अंड्याला १० लिटरमागे सव्वा किलोच्या आसपास मीठ लागतं. तेवढ्या जड पाण्यात पेरण्याजोगं बीही वर येऊ शकतं.

मीठ पूर्ण विरघळू द्या, मगच बी टाका, तेही थोडं थोडं. एकदम ओतलं तर भरलेले दाणे तरंगत्या थरात अडकतात. तुसाला चिकटलेले हवेचे बुडबुडेही चांगला दाणा वर धरून ठेवतात, कुसळं असलेल्या भातात तर जास्तच. म्हणून हाताने नीट ढवळा, पाणी स्थिर होऊ द्या आणि वरचं लगेच काढा. रेंगाळलात तर पोचट दाण्यात पाणी शिरतं आणि तोही बुडतो. प्रत्येक घाण्याचं ओलं बी काढताना त्यासोबत मिठाचं पाणीही कमी होतं. भर घालताना मीठ-पाण्याचं तेच प्रमाण ठेवा, नुसतं पाणी ओतू नका.

तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. यात कंटाळा करू नका, राहिलेलं मीठ उगवण मारतं. मग २४ तास सावलीत वाळवून किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. औषध शेवटीच लावायचं. आधी लावलंत तर पाण्यात धुऊन जाईल आणि वर आलेलं बी कोंबड्यांनाही घालता येणार नाही. पिशवीतलं विकतचं बियाणं असेल तर लेबल वाचा. औषध लावलेलं असल्यास हा खटाटोप करू नका.