मेंदूचे वय आणि मेंदूचा विकार

प्रश्न : माझे वय ६८ आहे. ओळखीच्या माणसांची नावे ऐनवेळी आठवत नाहीत, थोड्या वेळाने आपोआप आठवतात. डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयच्या अहवालात ‘मेंदू वयानुसार आकसलेला’ असा शेरा आहे. ही अल्झायमरची सुरुवात समजावी काय? या विषयातील शास्त्रज्ञ सध्या नेमके काय शोधत आहेत?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून तरी तसे म्हणता येणार नाही. उतारवयात मेंदूचे आकारमान घटतेच. मात्र निरोगी वार्धक्यात चेतापेशी बहुतांशी टिकून राहतात, त्यांच्या फांद्या आणि परस्परांशी असलेले सांधे विरळ होतात, आणि म्हणून आठवायला वेळ लागतो. मागाहून आठवलेले नाव स्मृतीत शाबूतच होते. अल्झायमरमध्ये सहसा नवी आठवण नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला आधी इजा होते, त्यामुळे कालची भेट खुणा सांगूनही आठवत नाही.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका मृत रुग्णेच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिले, तेव्हा काही ठिकाणी पेशी नाहीशी झालेली आणि तिच्या जागी केवळ काळ्या तंतूंचा गुंता उरलेला त्यांना दिसला. हा गुंता टाऊ प्रथिनाचा, तर पेशींबाहेर साचणारी पुटे अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाची, हे पुढे १९८०च्या दशकात उलगडले. परंतु साचलेले प्रथिन म्हणजेच आजार, हे समीकरण पुरते जुळत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ ख्रिस्ती जोगिणींनी मरणोत्तर मेंदूदान मान्य केले होते. त्यांतल्या काहींच्या मेंदूत पुटे आणि गुंते भरपूर आढळले, तरी अखेरपर्यंत त्यांची बुद्धी तल्लख होती. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न इथेच आहे : तेवढेच ओझे एक मेंदू पेलतो आणि दुसरा कोलमडतो, तो का? शिक्षणाने व बौद्धिक कामाने वाढणारी राखीव क्षमता, रक्तवाहिन्यांचे आरोग्य, मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींचे वर्तन, अशा अनेक अंगांनी त्याचा शोध चालू आहे.

औषधांच्या बातम्या मात्र जपून वाचाव्यात. लेकानेमॅब अमायलॉइड काढून टाकते, पण सौम्य अवस्थेतील रुग्णांच्या १८ महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्के मंदावला, एवढेच; गेलेली स्मृती परत आली नाही, आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव आढळला.

आपण एकदा बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण यांच्या कमतरतेमुळे होणारे विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. रक्तदाब आटोक्यात ठेवावा आणि ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र टाळू नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये सांगितलेल्या, बदलता येण्याजोग्या १४ जोखीम घटकांत या दोहोंचा समावेश आहे. घरची मंडळी ‘हेच आत्ता विचारलंत’ असे वारंवार म्हणू लागली किंवा नित्याचा हिशेब जमेनासा झाला, तर मेंदूविकारतज्ज्ञांची भेट लांबवू नये.