'कायद्याचे राज्य' : यातली षष्ठी काय सांगते?

प्रश्न असा आहे : एखाद्या शहरात गुन्हे वाढले की 'तिथे कायद्याचे राज्य उरले नाही' असे बातम्यांत येते. मग 'कायद्याचे राज्य' आणि 'कायदा व सुव्यवस्था' यांचा अर्थ एकच का?

एकच नाही. सगळी मेख 'चे' या प्रत्ययात आहे.

'पेशव्यांचे राज्य', 'इंग्रजांचे राज्य' म्हणताना षष्ठीतला शब्द राज्यकर्ता कोण ते सांगतो. त्याच चालीवर 'कायद्याचे राज्य' म्हणजे जिथे अंमल कायद्याचा, आणि तो सरकारवरही. 'कायद्याचा बडगा' यातही षष्ठीच आहे, पण बडगा आपणहून उठत नाही, उगारणारा हात वेगळा असतो. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा हा बडगाच असतो. चोऱ्यामाऱ्यांना आळा बसावा ही अपेक्षा रास्त आहे, पण तिच्यासाठी 'सुव्यवस्था' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. संचारबंदीत रस्ते शांत असतात, सुव्यवस्था पुरेपूर असते. संचारबंदीचा हुकूम कोणत्या अधिकाराने काढला, हे न्यायालयात विचारता येते की नाही, यावर कायद्याचे राज्य ठरते.

षष्ठीच्या जागी तृतीया घालून पाहा : 'कायद्याने राज्य'. १९१९चा रौलट कायदा कायदेमंडळात रीतसर मंजूर झाला होता. त्यात खटल्याविना स्थानबद्ध करता येत होते आणि विशेष न्यायालयाच्या निकालावर अपील नव्हते. कायदा होता, छापील होता, राज्य मात्र इंग्रजांचे होते.

आपल्या संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १४मध्ये 'कायद्यापुढे समानता' असे शब्द आहेत. यातला 'पुढे' मला फार आवडतो. 'कायदा' हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थ 'बसणे'. 'काइदा' म्हणजे बैठक, पाया, आणि त्यावरून नियम. संविधानाच्या भाषांतरकारांच्या मनात ही व्युत्पत्ती असेल असे मी म्हणत नाही, पण चित्र सुरेख जुळते : कायदा बैठकीवर, बाकी सगळे त्याच्यापुढे उभे.

अनुच्छेद १४मधल्या त्याच वाक्याचा कर्ता 'राज्य' आहे. ही समानता 'राज्य नाकारणार नाही', म्हणजे बंधन राज्यावर. हे 'राज्य' म्हणजे अंमल नव्हे. अनुच्छेद १२प्रमाणे त्यात सरकार, संसद, विधानमंडळे आणि स्थानिक संस्थाही येतात. तिसरे 'राज्य' म्हणजे महाराष्ट्र, केरळ यांसारखी घटकराज्ये. एकाच शब्दावर तीन अर्थ लादले गेल्याने पुष्कळ गोंधळ होतो. चौथा अर्थ मुलांच्या खेळातला : 'तुझ्यावर राज्य आलं!' तिथे राज्य 'मिळत' नाही, ते अंगावर 'येते', आणि ज्याच्यावर आले त्याला खेळाचे नियम बदलता येत नाहीत. राज्यशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही, हे आणीबाणीत दिसले. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारपक्षाला विचारले, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ला चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला : जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ बाजूला ठेवला तरी कायद्याच्या आधाराविना कोणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही. बहुमताचा तो निकाल २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रद्दबातल ठरवला.

'विधिराज्य' हा पर्याय काही जण सुचवतात. शब्द आटोपशीर आहे, पण मराठी कानाला 'विधी' म्हटले की आधी लग्न आणि श्राद्ध आठवते. 'कायद्याचे राज्य'च ठेवावे. 'कायद्याने राज्य' हा प्रयोग मात्र लिहिताना नजरेतून निसटतो. म्हणून त्या अर्थी मी 'कायद्याआडून राज्य' असे लिहितो.

गुन्हे वाढल्याच्या बातमीत 'सुव्यवस्था ढासळली' पुरे. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले नाही, अशी बातमी असेल तेव्हा 'कायद्याचे राज्य उरले नाही' असे खुशाल लिहावे.